लगमाक्काची पांजण

या, आत या. वाकून या. ही शेवग्याची फांदी खाली आली आहे आणि आम्ही ती मुद्दाम तोडलेली नाही. चपला राहू द्या पायात, हे देऊळ नव्हे. फोटो मागाहून काढा. आणि एक आधीच सांगून ठेवते, मधल्या वाफ्यावरून उडी मारून कुणी पलीकडे जायचं नाही. समोरचं दार चार पावलांवर दिसतंय, मलाही दिसतंय. तरी तिथं जायचं असेल तर या कडेनं बोळाच्या टोकापर्यंत चालायचं, तिथं वळायचं आणि पलीकडच्या कडेनं माघारी यायचं. पाय दुखत असतील तर ओट्यावर टेका. पण उडी नाही. मागे एक साहेब उडी मारून गेले होते. त्यांना मी माघारी बोलावलं आणि पुन्हा वळसा घालून पाठवलं.

हा बोळ बघून घ्या. दोन्ही अंगांना घरांच्या पाठी, मधे ही पट्टी. शहरात असले बोळ जागोजागी असतात, तुमच्याकडेही असणारच. तिथे काय असतं ते मला ठाऊक आहे. फाटक्या गाद्या, फुटके संडास, बाटल्या आणि फुगलेली घूस. इथे मात्र मांडवावर घेवडा आहे, भिंतीला कारली आहेत, मोरीच्या तोंडाशी अळू आहे, आणि कडेनं प्रत्येक दाराशी एकेक झाड. कुणाचा कढीपत्ता, कुणाची जास्वंद, कुणाची डाळिंबी. ज्याच्या दाराशी झाड, तो त्या झाडाला पाणी घालत नाही. समोरच्या घरानं घालायचं. रोज, सकाळी, घागर घेऊन, वळसा घालून.

येणारे मला विचारतात, खत कुठलं वापरता? समिती किती जणांची आहे? मी म्हणते, समिती नाही, पांजण आहे. तर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. गावात कुणालाही विचारा, या बोळाला 'लगमाक्काची पांजण' म्हणतात, आणि इथं सुताचा एक धागा तुम्हांला दिसायचा नाही. त्याचीच ही हकिकत. मी माझ्या आजेसासूकडून ऐकली, तिनं तिच्या सासूकडून. कुठं छापलेली नाही. छापली नाही म्हणून खोटी, असं ज्याला वाटत असेल त्यानं घेवडा बघावा आणि घरी जावं.

आमची ही पेठ कोष्ट्यांची. पूर्वी घरोघरी हातमाग होते. मागावर चढवण्याआधी उभं सूत, म्हणजे ताणा, लांबच्या लांब ताणून त्याला खळ पाजावी लागते. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ. कुंच्यानं ती सुतावर बसवायची, तार न् तार मोकळी ठेवायची, आणि वारं सुटायच्या आत, उन्हं चढायच्या आत वाळवायची. या कामाला म्हणतात पांजण. घरात एवढी लांब जागा कुठली? म्हणून हा बोळ. दोन्ही टोकांना बाभळीचे जाड खुंट, आणि कडेनंही मधे मधे आधाराचे खुंट पुरलेले. वरच्या ओळीची आणि खालच्या ओळीची घरं पाळीपाळीनं पांजण लावायची, आणि लागली की दोन्ही ओळींची माणसं कुंचा घेऊन यायची. एकट्या घराचं ते काम नव्हेच.

पांजण लागली असताना ती ओलांडायची नाही, हा एकच नियम. ओलं सूत केसासारखं चिकटतं, हात लागला की गुंतलं. पलीकडे जायचं तर टोकाच्या खुंटाला वळसा. पाटलालाही वळसा, वाण्यालाही वळसा आणि कुत्र्याला दगड.

खालच्या ओळीत लगमाक्का राहायची. तिचा नवरा भरमू कोष्टी, आणि त्यांची एकुलती लेक हौसा. ही हौसा त्यांनी समोरच, वरच्या ओळीत दिली होती, रायाप्पाच्या घरात. दाराला दार. लेक दूर जाऊ नये म्हणून लगमाक्कानं चांगली चांगली स्थळं परतवली होती, असं सांगतात. लोक हसायचे, "आक्का, वरात काढणार कशी? एका दारातनं निघंल आणि दुसऱ्या दारात शिरंल." लगमाक्का म्हणायची, "निघू दे की. मला हाक मारली की ऐकू आली पाहिजे, बास."

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी पाळी रायाप्पाची होती. कुणा मोठ्या घरच्या लग्नाचं सूत होतं, अख्ख्या हंगामाची भिस्त त्यावर. पहाटेपासून पांजण लागली होती. नव्या सुनेनं पांजण वाळेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, अशी त्या घरची रीत. हौसा कुंच्याला पाणी देत उभी होती, आणि समोरच्या दारात तिची आई धपाटी थापत होती. लेकीचं तोंड उतरलेलं आईला दिसलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली,

"हौसे, ये गं. धपाटं गरम हाय."

हौसानं टोकाच्या खुंटाकडे बघितलं. मग आईच्या हातातल्या धपाट्याकडे बघितलं. आणि ती वाकून सुताखालून शिरली.

बांगडीत तार अडकली. तिनं हात ओढला तशी आणखी गुंतली. घाबरून ती उठली, आणि सगळा ओला ताणा तिच्या पाठीवर आला, टोकाचा दोर सुटला, आणि रायाप्पाचा हंगाम धुळीत पडला.

मारामारी झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, संध्याकाळपर्यंत मिटलं तरी असतं. तोंडं वाजली. वरची ओळ म्हणाली, आईनं हाक मारली म्हणून पोर शिरली. खालची ओळ म्हणाली, उपाशी ठेवलीत म्हणून शिरली. दोन्ही खरं होतं, म्हणून कुणीच मागे हटेना. शेवटी रायाप्पानं सुनेला आत घातलं, मागचं दार ओढलं, फळ्या आडव्या घातल्या, खिळे ठोकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला,

"आता ह्ये दार माणसाच्या हातानं उघडायचं न्हाई. आणि तुझा हात ह्या दाराला लागला लगमे, तर तुझी लेक तुला मेली."

हे ऐकून खालच्या ओळीनंही खिळे आणले. भरमूनं आपल्या मागच्या दाराला ठोकले. शेजाऱ्यानं ठोकले. तिन्हीसांजेपर्यंत या बोळात उघडं दार म्हणून राहिलं नाही. दोन्ही ओळींची पुढची दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर, पाणवठेही मग वेगळे झाले. पांजणी लोक नदीच्या वाळवंटात नेऊ लागले, आपापल्या.

आणि बोळ? ज्या जागेला दार नाही तिची लाज कुणाला? भिंतीवरून राख पडायला लागली. मग आंबलेली खळ. मग चिंध्या, फुटकी मडकी, मोडके माग, मेलेली मांजरं. दोन्ही ओळी एकमेकींच्या नावानं टाकत होत्या, आणि पडत होतं दोघींच्याच पाठीशी. म्हणे, ढीग भिंतीच्या उंचीला लागला. विंचू निघायचे, साप निघायचे, वास तर विचारू नका. माणसं आपल्याच परसात नाकाला पदर लावून बसायची, पण समोरच्यानं आधी थांबावं म्हणून वाट बघायची. किती वर्षं गेली ते कुणी नीट सांगत नाही. पुष्कळ गेली.

तुम्ही म्हणाल, लगमाक्का पुढच्या दारानं का गेली नाही? गेली की! सगळ्यांदेखत गेली, रस्त्यानं फिरून, लुगड्याचा पदर नीट घेऊन. रायाप्पा उंबऱ्यात उभा राहिला. "सून बरी हाय," म्हणाला आणि दार लावलं. पुन्हा गेली, पुन्हा तेच. हौसाचा नवरा वाईट नव्हता, पण बापासमोर मान वर करण्याचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेव्हा आई काय करणार? ऐकायची. पहाटे, माग सुरू व्हायच्या आधी, बायका कांड्या भरतात, म्हणजे आडवं सूत नळ्यांवर गुंडाळतात. कांड्या भरायचा रहाट असतो, आणि प्रत्येक रहाटाचं कुरकुरणं वेगळं. लगमाक्का खिळे मारलेल्या दाराला कान लावून उभी राहायची. समोरून, उकिरड्याच्या पलीकडून, हौसाचा रहाट ऐकू यायचा. दोन फेरे लांब, एक आखूड. मग ती चुलीला लागायची.

एका पहाटे रहाट वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लगमाक्का धावत पुढच्या दारानं गेली. रायाप्पा म्हणाला, "आमच्या घरातलं आमच्या घरात. बरी हाय." बाजारात वरच्या ओळीच्या बायकांना गाठलं, त्या नजर चुकवून निघून गेल्या. हौसा अंथरुणाला खिळली होती. कुणी म्हणतं हिवताप, कुणी म्हणतं पोट पडलं होतं. जगते की जाते, अशी वेळ होती, आणि आईला तेवढंही कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी लगमाक्का घरी आली, पाय धुतले, चौंडेश्वरीपुढे उभी राहिली आणि बोलली, असं सांगतात:

"आई, माझ्या लेकीचं मागचं दार उघडल्याबिगर मी माझ्या म्होरल्या दारातनं भायेर पाऊल टाकणार न्हाई."

आता हा नवस नीट ऐका. लोक देवीला काय काय बोलतात. लुगडं देईन, नारळ फोडीन, उपास करीन. ही बाई म्हणाली, पुढच्या दारानं जाणार नाही. म्हणजे पाण्याला, नदीला, बाजाराला, कुठंही जायचं तर एकच वाट उरली. मागचं दार. आणि मागच्या दारापुढे उकिरडा. देवीला काही द्यायचं कबूल केलंच नव्हतं तिनं. आपलीच वाट बंद करून घेतली होती.

भरमूनं कपाळाला हात लावला. "अगं येडी झालीस व्हय? त्ये खिळे म्याच मारल्यात."

"म्हणूनच तुम्हांला ठावं असंल, कुठं कुठं हाईत त्ये. उपसा."

"आणि वरच्या ओळीनं बघितलं तर?"

"तर बघू द्या, उपसायचं कसं त्ये."

दार उघडलं तेव्हा राख घरात आली म्हणे, गुडघ्याएवढी. लगमाक्कानं ती पाटीत भरली आणि पहिली वाट आपल्या भिंतीच्या कडेकडेनं काढायला घेतली, बोळाच्या उघड्या टोकाकडे, नदीच्या वाटेकडे. काढलेली घाण मधल्या ढिगावर टाकायची आणि पुढे सरकायची. पहिले कितीक दिवस ती टोकाला पोचलीच नाही. पाणी भरमू आणायचा, तोंडानं पुटपुटत. भिंतींवरून दोन्हीकडची डोकी वर यायची. "काय आक्का, उकिरड्याची पाटीलकी मिळाली जणू!" ती खालून ओरडायची, "व्हय, आणि पैला हुकूम तुलाच. तुझं मेलेलं मांजार उचल!"

कडेची वाट टोकाला लागली आणि लगमाक्का घागर घेऊन नदीला जाऊ लागली. मग तिनं पलीकडच्या कडेची वाट काढायला घेतली, टोकापासून माघारी, रायाप्पाच्या दारापर्यंत. सरळ समोर का गेली नाही? काही जण सांगतात, मधला ढीग हलण्यासारखा नव्हता. माझी आजेसासू म्हणायची, ढिगाचं काही नाही. एकदा तिनं लेकीला मधून बोलावलं होतं, ते तिला पुरे झालं होतं.

अशी ती लेकीच्या दारापाशी पोचली. फळ्या तशाच, खिळे गंजलेले. दाराला हात लावायचा नाही, लावला तर लेक मेली. हाक मारावी तर रायाप्पा ओरडणार आणि ते आतल्या दुखणाईतावर निघणार. दाराच्या कडेला पांजणीचा जुना बाभळीचा खुंट होता, तेवढा उभा. लगमाक्कानं डोक्यावरची घागर उतरवली आणि उंचावरून, सावकाश, त्या खुंटाच्या बुडाशी ओतली. वाळक्या खुंटाला पाणी! लोक पोट धरून हसले. पण तिला खुंटाशी काय करायचं होतं? पाणी पडल्याचा आवाज फळ्यांच्या फटीतून आत जातो. आईनं घागर ओतली की कशी वाजते, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

आतून काही आलं नाही. लगमाक्का माघारी गेली, वळसा घालून. दुसऱ्या पहाटे पुन्हा आली, पुन्हा ओतली. तिसऱ्या पहाटे पुन्हा. रायाप्पा आतून गुरगुरायचा, पण पाणी ओतू नये असं तो कधी बोललाच नव्हता, आणि बोलल्याबाहेर जाणारा तो माणूस नव्हे. हट्टी होता, लबाड नव्हता. हेही सांगितलं पाहिजे.

असे किती दिवस गेले, देवी जाणे. एका पहाटे घागर ओतून लगमाक्का वळणार, तोच आतून कुर्र झालं. एकच फेरा, आखूड. मग काही नाही.

ती खाली बसली म्हणे, तिथंच, चिखलात. रडली वगैरे नाही. बसली, आणि मग उठून घरी गेली आणि त्या दिवशी तिनं भरमूला दोन वेळा जेवायला वाढलं, तिसऱ्यांदाही वाढणार होती, तेव्हा तो म्हणाला, "अगं, लेक जित्ती हाय कळलं, पर मला मारू नगंस."

त्या दिवसापासून घागर पडली की आतून रहाट वाजायचा. एक फेरा. मग दोन. माणूस बरं होत जातं तसा रहाट लांबत गेला.

इकडे बोळात दुसरंच चाललं होतं. मधल्या ढिगात काय नव्हतं? राख होती, शेण होतं, वर्षानुवर्षांची आंबलेली ज्वारीची खळ होती. तळाला लोण्यासारखी काळी माती झाली होती. पाऊसकाळ आला तसे त्यातून वेल निघाले. फेकलेल्या बियांचेच. भोपळा, दोडका, घेवडा. भोपळ्याच्या वेलाला वरची ओळ कोणती आणि खालची कोणती, कुठं कळतं? तो दोन्हीकडच्या भिंती चढला. बायका भिंतीवरून हात घालून भोपळे तोडायला लागल्या, आधी लपून, मग उघड. पण भिंतीवरून काय सगळं हाताला येतं? एका घरचे खिळे निघाले, मग दुसऱ्या घरचे. वरच्या ओळीचे आधी की खालच्या ओळीचे आधी, यावर आजही वाद आहे, आणि मी खालच्या ओळीची असल्यामुळे माझं मत तुम्हांला सांगत नाही. एक मात्र झालं. दार उघडल्यावर कुणी राख टाकेना. उघड्या दारातून समोरची बाई बघत असते ना!

एकटं रायाप्पाचं दार बंद राहिलं. आणि त्याच्या दाराशी खुंटाला पालवी आली.

बाभळीच्या वाळक्या खुंटाला शेवग्याची पालवी! या गोष्टीवर तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. शेतकी कॉलेजातली एक मुलगी आली होती, गोड मुलगी. ती म्हणाली, "आजी, उकिरड्यातलं शेवग्याचं बी खुंटाच्या बुडाशी रुजलं असणार. खुंट कुजला आणि झाड वर आलं." मी म्हटलं, तुझं खरं असेल बाई, बी उकिरड्यातनंच आलं असेल. आता पाणी कुठून आलं ते सांग. तीही हसली, आणि रोप मागून घेऊन गेली.

झाड भराभरा वाढलं. रायाप्पाला ते डोळ्यासमोर नको होतं, पण तोडणार कसं? ते पांजणीच्या खुंटाला मिठी मारून उभं. दसऱ्याला ज्या खुंटाला हळदकुंकू वाहायचं त्यावर कोष्ट्याची कुऱ्हाड चालत नाही. फांद्या भिंतीवरून त्याच्या परसात आल्या. "ह्या झाडाचं पान घरात येता कामा न्हये," असं तो रोज सकाळी म्हणायचा, आणि दुपारी ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी आली की मुकाट्यानं खायचा. तीच भाजी खाऊन हौसाच्या अंगात रक्त भरलं, असं सांगतात. आमच्याकडे अजून बाळंतिणीला याच झाडाचा पाला लागतो.

मग एक उन्हाळा आला. चैत्र सरला होता. दुपार कलताना वळवाचा वारा सुटला, नुसता वारा, पाऊस नाही. सगळे आपापल्या मागच्या दारांत उभे होते, मांडव उडतात की काय बघत. लगमाक्काही होती. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, ते वाऱ्याला टिकत नाही. सगळ्यात जाड फांदी कडकडली आणि सरळ रायाप्पाच्या दारावर आली. गंजलेले खिळे निघाले, फळ्या निघाल्या, चौकटीतून दारच निघालं आणि आत पडलं.

धूळ बसली तेव्हा उंबऱ्यात रायाप्पा उभा होता. म्हातारा झाला होता. त्यानं फांदीकडे बघितलं, पडलेल्या दाराकडे बघितलं, आणि समोर, वाफ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या विहीणबाईकडे बघितलं.

"म्या उघडलं न्हाई," तो म्हणाला.

"आणि म्या हात लावला न्हाई," लगमाक्का म्हणाली.

"व्हय. म्या बघत हुतो." मग तो म्हणाला, "सूत मातीत गेलं हुतं त्या दिशी. पोर उपाशी हुती ह्येबी खरं." आणि बाजूला झाला.

त्याच्या मागे हौसा होती. लग्नात दिली तेव्हा पोर होती, आता केसांत पांढरं दिसत होतं. समोर आई. मधे वाफा, गुडघ्याएवढा घेवडा. कुणीही पाय टाकून आलं असतं.

हौसानं वाफ्याकडे बघितलं. मग टोकाकडे बघितलं. आणि ती वळली आणि कडेकडेनं चालू लागली. शेवटच्या खुंटापर्यंत सगळा बोळ, एकेका दारावरून, एकेका माणसासमोरून. ते बघून लगमाक्काही आपल्या कडेनं चालू लागली. मधे घेवडा, दोन बाजूंना दोघी, बरोबरीनं. घाई कुणीच केली नाही. पांजणीच्या वेळी कुंचा घेऊन माणसं चालायची ना, तशाच. म्हणून तर या बोळाला सूत नसतानाही पांजण म्हणतात.

टोकाच्या खुंटाशी दोघी भेटल्या. काय बोलल्या असतील? मोठं काही बोलल्या नाहीत. आईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"लई येळ लावलास गं. धपाटं गार झालं."

एवढीच ही हकिकत. पुढं त्या वाफ्यात सूत पुन्हा कधी लागलं नाही, पण झाड प्रत्येक दाराशी लागलं, आणि ज्याच्या दाराशी त्यानं पाणी घालायचं नाही, असं दोन्ही ओळींनी ठरवलं. लगमाक्का मरेपर्यंत पुढच्या दारानं गेली नाही म्हणे. नवस फिटला होता, पण म्हणायची, "म्होरल्या दाराकडं हाय काय? नुसता रस्ता." आमच्याकडे नवी सून अजून मागच्याच दारानं घरात येते, बोळातून, सगळ्यांसमोरून, पूर्ण वळसा घालून. पोरी वैतागतात, शालूत चिखल लागतो म्हणून. लागू दे.

तुम्ही लांबून आलात, तुमच्या बोळांत बाग करायची म्हणता. करा. रोपं हवी तेवढी न्या, घेवड्याचं बी न्या. पण परत जाऊन आधी खतं मागवू नका. आधी मागचं दार उघडा, आणि समोरचं उघडतंय का बघा. नाही उघडलं तर पाणी घाला.

आजही पहाटे या बोळात घागरी निघतात. आता प्लास्टिकच्या बादल्याही असतात, मला आवडत नाहीत, पण पाणी तेच. समोरच्या झाडाला पाणी पडलं की आतल्या माणसानं आवाज द्यायचा. रहाट आता कुणाकडे नाही, म्हणून भांडं वाजवायचं, नाहीतर नुसतं खाकरायचं. परवा समोरच्या सिंधूवैनींनी आवाज दिला नाही. मी घागर तिथंच ठेवली आणि आत गेले, तर घरात दुसरं कुणी नाही आणि बाई न्हाणीत पाय घसरून पडलेल्या. आता बऱ्या आहेत, कालपासून ताट जोरजोरात वाजवतात, मला चिडवायला.

माझ्या दाराशी ते कढीपत्त्याचं झुडूप आहे ना, त्याला त्या पाणी घालायच्या. पाय बरा होईस्तोवर त्यांची सून घालते. मी आतून तांब्या वाजवते. एखाद्या पहाटे तो वाजायचा नाही, माझंही वय झालंच आहे. त्या पोरीला सांगून ठेवलं आहे, घाबरायचं नाही, दार नुसतं ढकलायचं. या बोळातल्या एकाही दाराला आजही आतून कडी नाही.